शाळा चार्टर झाली तेव्हाचं माझं भाषण

तेव्हा मी फारच लहान होते. चौसष्ट वर्षांची. नागपूरहून लेकीकडे अमेरिकेत, अल्फारेटाला येऊन सहा महिने झाले होते आणि तेवढ्यात माझी खात्री पटली होती, की या देशात शाळा कशी चालवावी हे कुणालाच कळत नाही. तीस वर्षं अनुदानित शाळेत इतिहास शिकवून, पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेली बाई ती. आज मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

त्या वर्षी नातीच्या शाळेने चार्टर व्हायचं ठरवलं. लेकीने मला भाजी चिरता चिरता समजावून सांगितलं. शाळा सरकारीच राहणार, फी नाही, आपल्या भागातल्या मुलांना आधी प्रवेश. फक्त डिस्ट्रिक्टचे, म्हणजे इथल्या जिल्हा शिक्षण खात्याचे, बरेच नियम सुटणार आणि शाळेची स्वतःची समिती कारभार बघणार. त्यासाठी शिक्षकांनी आणि सभेला हजर असलेल्या पालकांनी गुप्त मतदानाने होकार द्यायचा, मग अर्ज बोर्डाकडे.

"म्हणजे विनाअनुदानित," मी म्हणाले.

"नाही गं आई."

"मग स्वायत्त."

"आई, इकडच्या डब्याला तिकडचं झाकण बसवू नकोस ना, प्लीज!"

शिक्षकांचं मतदान झालं होतं, त्यांचा होकार होता. मराठी पालकांच्या ग्रुपवरही बहुतेक सगळे खूश होते. आमच्या घरात मात्र एका वाक्यावर सगळं अडलं होतं. नात सात वर्षांची होती आणि अडखळत बोलायची. आठवड्यातून दोनदा, लायब्ररीशेजारच्या छोट्या खोलीत, स्पीच थेरपीच्या बाई तिला अर्धा तास घेऊन बसत. नव्या अर्जाच्या मसुद्यात लिहिलं होतं, की अशा सेवा यापुढे बाहेरच्या संस्थेकडून, स्क्रीनवरूनही देता येतील. बाई आजारी असताना एकदा तसा तास झाला होता. पोरीने अर्धा तास तोंड उघडलं नाही. कॅमेऱ्याला पेन्सिल दाखवत बसली.

लेकीचं म्हणणं एवढंच होतं, की हा तास शाळेतच, समोरासमोर होईल, असं अर्जात लिहा. पालकांची सभा झाली की मसुदा पक्का होणार होता.

"मी बोलते," मी जाहीर केलं. लेक ऑफिसात दिवसभर मीटिंगा घेते, पण शाळेच्या दारात पाऊल टाकलं की तिची पुन्हा पाचवीतली मुलगी होते. आजीला मत नव्हतं, पण नाव नोंदवलं तर तीन मिनिटं बोलता येत होतं. लेकीने ते वाक्य इंग्रजीत कागदावर लिहून दिलं. "आई, हे आधी म्हण. बाकी काय बोलायचं ते नंतर."

आधी? मुद्दा आधी सांगितला तर लोक उठून चहाला जातात, हे मी तीस गॅदरिंगांत पाहिलेलं. मी वाक्य सगळ्यात शेवटी ठेवलं.

सभा शाळेच्या कॅफेटेरियात होती. मुलांच्या उंचीची टेबलं, त्यामुळे सगळ्या पालकांचे गुडघे छातीशी आलेले. समोर सात जणांची समिती, शेजारी सिग्नलसारखे तीन दिवे. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे बसा. हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे लेकीने गाडीत सांगितलं असेल, पण मी तेव्हा मनात भाषणाची उजळणी करत होते.

करवतकाठी साडी नेसून मी माइकपाशी गेले आणि सुरू केलं. माननीय अध्यक्ष. माननीय उपाध्यक्षा. समितीचे आदरणीय सदस्य. सदस्य पाच होते, मी पाचांकडे वळून पाच वेळा म्हटलं. मुख्याध्यापिका. समस्त गुरुजनवर्ग. मागे झाडू घेऊन उभे असलेले शाळेचे सेवक, त्यांनाही सोडलं नाही. ते बिचारे इकडेतिकडे बघायला लागले. भारतात असते तर महापुरुषांच्या प्रतिमांना हार घातले असते, इथे प्रतिमा नव्हत्या म्हणून भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे बघून अभिवादन केलं. मग मला ही संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. पिवळा दिवा लागला तेव्हा वाटलं, चला, आता विषयात शिरावं. म्हणून शिक्षणाचं महत्त्व घेतलं. शिक्षण म्हणजे काय, इथपर्यंत आले आणि लाल दिवा लागला.

"वेळ संपली, मॅडम. थँक यू," अध्यक्ष म्हणाले.

"पण मी अजून विषयावर आलेच नाही!"

सगळा कॅफेटेरिया हसला. मला वाटलं, भाषण रंगलं. जावयाने व्हिडिओ केला होता. आजही घरी पाहुणे आले की तो लावतो आणि "आई, तुमच्यासारखं स्वागत कुणी केलं नाही हो," असं साळसूदपणे म्हणतो.

मी जागेवर आले. लेकीने नुसतं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"येणारच होतं गं ते वाक्य," मी पुटपुटले. "पुढच्याच परिच्छेदात."

नात म्हणाली, "आजी, यू सेड हॅलो टू एव्हरीवन."

एवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, अजून कुणाला बोलायचं आहे का? लेकीने माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि उठली. तिने ना माननीय म्हटलं, ना आदरणीय. वाक्य वाचलं. मग स्क्रीनसमोर पेन्सिल दाखवत बसलेल्या मुलीबद्दल सांगितलं. आवाज कापत होता, पण थांबली नाही. सगळं मिळून मिनिटभरही नसेल. पिवळ्या दिव्याला कामच पडलं नाही.

"हे वाक्य घातलं तर तुमचं मत होकाराचं?" समितीतल्या एकीने विचारलं.

"हो. नाही घातलं तर नकाराचं."

मागून एक कोरियन आई म्हणाली, "माझंही." तिच्या मागचा उंच बाबा म्हणाला, "आमच्या घरातली दोन्ही." मुख्याध्यापिकांनी तिथेच लॅपटॉप उघडला, वाक्य टाइप केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मग पालक पुठ्ठ्याच्या आडोशांमागे जाऊन मत देऊन आले. होकार झाला. मी नातीला घेऊन बाकावर बसले होते, आणि मला जरा राग आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझ्या भाषणाला जे जमलं नाही ते एका कागदाच्या चिटोऱ्याला जमलं म्हणून.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. तास शाळेतच होता, त्याच खोलीत होता. पण बाई तिथे नव्हत्या. ज्या शिक्षकांना चार्टरमध्ये राहायचं नव्हतं त्यांना डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत जायची मुभा होती, आणि बाईंनी ती घेतली. वाक्यात तास होता, खोली होती. माणूस कोण, हे लिहायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. लिहिलं असतं तरी कुणी मानलं नसतं म्हणा. नात आठवडाभर त्या खोलीत जायला तयार नव्हती. शेवटी एक दिवस मी तिला घेऊन गेले.

नव्या बाई दारातच उभ्या होत्या. तरुण, केस अगदी बारीक कापलेले. नातीने माझा हात सोडला नाही, पण माझी ओळख करून द्यायचं तिने मनावर घेतलं. "दिस इज माय आजी," ती म्हणाली. पुढचं वाक्य मात्र पहिल्याच अक्षरावर अडलं. बाईंनी भुवयासुद्धा हलवल्या नाहीत. त्या थांबल्या. माझ्या जिभेवर शब्द आला होता, तो मी गिळला.

"शी टॉक्स अ लॉट," नातीने वाक्य पूर्ण केलं, आणि आत जाऊन खुर्ची ओढून बसली.