नित्यस्तोत्राचा पहिला शब्द

कापराचा सुवास दरवळला की मला ती सकाळ आठवते. माझ्या ऑनलाइन गीतावर्गात विद्यार्थ्यांना अर्धेच श्लोक ऐकू येत, कारण आमचे वायफाय कोणीतरी परस्पर वापरत होते. सूनबाईंनी पासवर्ड बदलायला सांगितले, तेव्हा मी श्रद्धापूर्वक माझ्या नित्यस्तोत्राचा पहिला शब्द ठेवला. दुसऱ्याच दिवशी वर्ग पुन्हा अडखळला. पुढच्या सकाळी कापूरआरती आटोपून मी कुंपणाशी पूजेची जास्वंदी तोडणाऱ्या शेजारणीजवळ ही खंत बोलून दाखवली, तर ती खळखळून हसली. "काकाजी, मीच तर वापरून राहिली! तुम्ही दुसरं काय ठेवसान? रोज पूजा झाली की तेच स्तोत्र अख्ख्या गल्लीले ऐकवता!" मलाही हसू आवरेना. आता पासवर्ड निराळा आहे, आणि ती माझ्यासमोर बसून पूर्ण श्लोक ऐकते.