चढणीवर मिटलेले डोळे

"बाबांनी गाडी चढणीवर मधोमध उभी केली, आणि चालू इंजिनाच्या घरघरीत ते पाळण्यातल्या मुलासारखे झोपी गेले. पाव तासाने डोळे उघडले आणि म्हणाले, हीच घ्यायची. आमच्याकडे गाडी अशी आली."

हा वृत्तांत माझ्या मुलाचा आहे. दिवाळीच्या फराळाला त्याच्या सासरची मंडळी आली तेव्हा चकलीचा तुकडा हातात धरून त्याने तो सांगितला, आणि सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्याने शेवटी एक वाक्य जोडले. ज्या माणसाला चढणीवर झोप लागते त्याच्या हाती किल्ली ठेवणे बरे नव्हे, तेव्हा पुढचा पावसाळा आई-बाबांनी कर्जतच्या फ्लॅटवर काढावा. त्या एका वाक्यामुळे ही गंमत उरली नाही, तो माझ्यावरचा आरोप झाला. आणि आरोपाला उत्तर देणे मला भाग आहे.

पळसदरीच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की आमच्या घराची वाट लागते. आधी ती भातखाचरांमधून सरळ जाते, मग ओहोळात उतरते, पलीकडे बांबूच्या बेटाला वळसा घालते आणि चढू लागते. चढणीच्या माथ्यावर आमचे घर. घरामागून तीच वाट ठाकरांच्या वाडीकडे जाते. रसायनीच्या कारखान्यात मी भांडारात होतो. आत येणारा प्रत्येक नग तपासून घेणे किंवा परत पाठवणे, हे माझे काम. तीन पाळ्यांत जाताना-येताना ही वाट मी अंधारात, धुक्यात, गुडघाभर पाण्यात चाललो, आणि ती अवघड आहे हे मला कधी सुचलेही नाही. वाट अवघड आहे हे आम्हांला कळले ते पत्नीचा खुबा मोडला तेव्हा. अंगणातल्या शेवाळावर तिचा पाय घसरला. वाडीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून ओहोळापार नेले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पुढे आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी कर्जतला जायचे होते, आणि पावसाळ्यात रिक्षा ओहोळाच्या अलीकडेच थांबते. तिने एवढेच सांगितले की विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखी ती पुन्हा पाण्यात उतरणार नाही.

मुलाने तेव्हा अट घातली. श्रावण संपायच्या आत ओहोळ ओलांडून रोज वर-खाली करील अशी गाडी मिळाली तर घरीच राहा. न मिळाली तर फ्लॅट. अट रास्त होती, हे मी तेव्हाही मान्य केले. नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा जुनी, आणि चारही चाकांना जोर देणारी.

पहिली गाडी चौकला पाहिली, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे. शनिवार-रविवार बंगल्यावर येणाऱ्या कुणाची तरी होती. टपावर दिव्यांची रांग, चाके छातीपर्यंत. मुलाला ती फार आवडली. मी खाली वाकून सांगाड्याच्या खोबणीत नख घातले, तर तांबडी माती सुकून विटेसारखी घट्ट बसलेली. आमच्या खाचरांतली माती काळपट असते. ही कुठल्या तरी डोंगरउतारावरची होती, आणि एवढ्या आत ती रस्त्याने जाऊन शिरत नाही. मौजेसाठी कुणीतरी ती गाडी चिखलात वारंवार बुचकळली होती. शिवाय तिची पायरी पत्नीच्या गुडघ्याच्याही वर येत होती. ती पायरीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "यात चढायला मला आधी शिडी घ्यावी लागेल."

दुसरी खालापूरजवळ, एका निवृत्त गृहस्थांच्या अंगणात. आच्छादनाखाली ठेवलेली, काचा लखलखीत. चार चाकांचा जोर देणारा तिचा दुसरा दांडा पाहिला, तर त्याच्या मुठीवरचे आकडे कालच कोरल्यासारखे ठळक. दांडा हलेना. त्या गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की त्यांनी तो कधी वापरलाच नाही. जी वस्तू कधी वापरलीच नाही ती गरजेच्या वेळी चालेल, यावर विश्वास ठेवायला मी भांडारात आयुष्य काढलेले नाही.

तिसरी पुन्हा चौकलाच, गॅरेजच्या मागच्या बाजूला, एरंडाच्या झाडाखाली. कापडी टपाची जुनी जीप. रंग कोणता होता हे सांगता येणार नाही इतका विटलेला. मागच्या फळीवर गंजाची गोल वर्तुळे उमटलेली होती, एकात एक गुंतलेली, जणू पाण्यात पावसाचे थेंब पडून तसेच गोठले असावेत. गॅरेजवाला म्हणाला, डोंगरातल्या वाड्यांवर गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्याची ही गाडी. मी दुसऱ्या दांड्याला हात लावला. त्याची मूठ तळहातांनी झिजून गुळगुळीत झाली होती, आकडे पुसले गेले होते, आणि दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा जागेवर बसला. चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले. पुढच्या धुरेखाली तेलाचा टिपूस नाही. पायरी बेताची.

"काका, दिसाया बरी नाय, पन कामाला हाय," गॅरेजवाला म्हणाला. मग त्याने तिचे दोष बोटांवर मोजून सांगितले: टप गळतो, डावी काच अर्ध्यावर अडते, आणि आणखी एक. तो तिसरा दोष मी मुद्दाम मागे ठेवतो आहे. माझे सगळे उत्तर त्याच्यावर उभे आहे. हे सांगताना मुलगा तिथे नव्हता, रस्त्यापलीकडे चहा आणायला गेला होता. गॅरेजवाला म्हणाला, सोमवारपर्यंत सगळे करून देतो, तोवर थांबा. मी म्हटले, आज पाहीन, आणि माझ्या वाटेवर पाहीन.

मुलाचा एक उपआरोप इथेच निकालात काढतो. चौकहून येताना गाडी त्याने चालवली, आणि पहिल्याच वळणावर चाक जड झाले, खालून कण्हल्यासारखा आवाज आला. यावरून गाडी सदोष असल्याचे तो आजही सांगतो. खरे असे की हौसेने त्याने कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर लावला होता. डांबरावर वळताना पुढच्या चाकांना जास्त वाट चालायची असते, मागच्यांना कमी. या जुन्या गाड्यांत ती एकमेकांशी बांधली की कुणीही कण्हेल. तो जोर चिखलासाठी असतो. मी दांडा मागे घेतला आणि गाडी गप्प झाली.

ओहोळाशी आलो तेव्हा नुकतीच सर येऊन गेली होती. ऊन पडले होते, पण पातळ, ताकासारखे. मुलगा आणि गॅरेजवाला पाण्याअलीकडे उतरले; मी चालवायला बसलो, पत्नी शेजारी. पाणी चाकांच्या कण्यापर्यंत होते. गाडी ते कापत गेली तेव्हा वाटले की आपण हललोच नाही, ओहोळच आपल्याखालून सरकून गेला. बांबूच्या बेटातून बगळे उठले आणि पुन्हा तिथेच बसले. मग चढण लागली, आणि चढणीच्या बरोबर मध्यावर, जिथे घराची कौले पहिल्यांदा दिसतात, मी गाडी थांबवली.

लोक विचारतात, तिथे कशाला? माझे वडील बैल घेताना त्याचे दात पाहत, खूर पाहत, पण सौदा होत असे तो याच जागी. भरल्या गाडीला जुंपून ते बैलाला चढणीच्या मध्यावर थांबवत आणि काही काळ तसेच उभे ठेवत. पळत चढणारे बैल पुष्कळ असतात. थांबल्यावर, भार मागे ओढत असताना, चाबकाशिवाय जो पुन्हा निघतो तोच बैल घरी येई. आमच्या पट्टीत जुने गाडीवान असेच करत. तेव्हा मी जे केले ते झोपाळूपणाचे नव्हते, रीतीचे होते.

आणि डोळे मिटले, हे मी कधीच नाकारलेले नाही. वडीलही त्या वेळी डोळे मिटत. बैलाचा श्वास ऐकायचा तर डोळ्यांचे काम नसते. मी गाडी मोकळ्या गिअरवर टाकली, इंजिन चालू ठेवले आणि ऐकू लागलो.

आवाज चार ठोक्यांचा होता. तीन सारखे आणि चौथा किंचित मागे राहणारा, घोळक्यातल्या लंगडणाऱ्या माणसासारखा. तो चौथा ठोका धरून मी आत आत गेलो. पायांखालची थरथर मांड्यांतून पाठीत आली आणि वाटले, खाली लोखंड नाही, कुणीतरी जिवंत उभे आहे. वडिलांच्या घोंगडीचा ओला वास आला. कारखान्याचा पहाटेचा भोंगा इतक्या लांबून कधी ऐकू येत नसे, तो ऐकू आला. याच वळणावर, लग्नानंतर पहिल्यांदा घरी येताना, पत्नीने वहाणा हातात घेतल्या होत्या आणि विचारले होते की अजून किती चढायचे आहे. आपण पोचलोच आहोत, असे मी तेव्हा खोटे सांगितले होते. ती वहाणा घेतलेली मुलगी गाडीच्या पुढून चालत गेली, वळणापाशी थांबली आणि वर कौलांकडे पाहू लागली. बांबू हलले की माझ्या पापण्यांवरचे ऊन हिरवे होई, मग पुन्हा तांबूस. गाडी उभी होती आणि तरीही आम्ही चाललो होतो, फार सावकाश, आणि घर तेवढ्याच अंतरावर राहत होते. त्या अंतराची मला मुळीच घाई नव्हती.

याला कुणी स्वप्न म्हणेल. मी याला ऐकणे म्हणतो.

तेवढ्यात शेजारून पत्नीचा आवाज आला, अगदी हळू. "अहो, मला इथून कुठे नेऊ नका."

मी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिले नाही. गिअर टाकला, आणि जीप एकही चाक जागच्या जागी न फिरवता, मागे न घसरता, न दचकता पुढे निघाली. अंगणात पोचल्यावर मी म्हणालो, हीच.

आता पुरावे. चौथा ठोका मागे राहतो, हे मी त्याच दिवशी गॅरेजवाल्याला सांगितले, आणि उघडून पाहिल्यावर इंधनाची एक नळी चोंदलेली निघाली. मुलाचे म्हणणे, गॅरेजवाला गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून काहीही बोलतो. ठीक, तो पुरावा मी सोडतो. एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार माझी पत्नी. तिला सगळ्यांसमोर विचारले तेव्हा ती करंज्यांचे ताट उचलत म्हणाली, "मी घराकडे बघत होते. तुमच्याकडे कशाला बघू?" नंतर, पाहुणे गेल्यावर, मी पुन्हा छेडले. एवढी मोठी गोष्ट बोललीस ती झोपलेल्या माणसाशी का, असे विचारले. ती हसली आणि म्हणाली, "जाग्या माणसाशी बोलले असते तर तुम्ही वाद घातला असता." तेव्हा तीही साक्ष गेली.

राहिले मुलाचे चित्रण. ओहोळ ओलांडून तो चढणीवर आला आणि थोड्या अंतरावरून गाडीभोवती फिरत त्याने मोबाइल रोखला. ते चित्रण सगळ्या नातेवाइकांकडे पोचले आहे. खटला त्याच्यावरच उभा आहे. मी ते अनेकदा पाहिले. माझे डोळे मिटलेले आहेत, तोंड थोडे उघडे आहे, हे मान्य. पण मुला, तुझ्याच पुराव्यात आणखी काय आहे तेही पाहा. इंजिनाची घरघर स्पष्ट ऐकू येते. म्हणजे गाडी बंद करून गिअरमध्ये अडकवलेली नव्हती. उताराचा कल बांबूंशी ताडून पाहा. ओहोळ सरळ मागे आहे. मागच्या दोन्ही चाकांच्या पाठी नुसती ओली वाट दिसते. चाक अडवायला लावलेला दगड कुठेही नाही. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाक तसूभरही सरकत नाही. तुझ्या आईला घेऊन ती गाडी तिथे उभी होती, आणि तू म्हणतोस त्याप्रमाणे पाव तास उभी होती. ती वेळही मी तुझीच धरतो.

गेल्या आठवड्यात मी चौकला जाऊन आलो. कामाची वही गॅरेजवाल्याने स्वतः काढून दाखवली. शनिवारी चढण झाली होती. सोमवारच्या पानावर या गाडीपुढे तीन कामे लिहिली आहेत: टपाला ठिगळ, डाव्या काचेची दुरुस्ती, आणि हँडब्रेकची तुटलेली केबल बदलली. म्हणजे शनिवारी त्या चढणीवर पाव तास गाडी धरून होता तो फक्त ब्रेकवरचा माझा पाय.