जखमीने हलायचं नाही!

आता हसायचं नाही, हे आधीच बजावते. हा किस्सा मी फक्त भिशीत सांगितला होता. पण आमच्या शेजारच्या वैशालीच्या कृपेने तो कॉलनीभर फिरला, भाजीबाजारात गेला आणि तिथून थेट माझ्या माहेरी सिन्नरला पोहोचला. वहिनीचा फोन आला, "ताई, तुम्हाला म्हणे ऑक्सिजन लावला होता?" म्हटलं, लोकांनी मीठमसाला घालून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

तर, माझे सोळा सोमवार चालू होते. मुलासाठी. निखिल फौजेत आहे, तिकडे वर बर्फात. नक्की कुठे ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. फोन लागला तर लागला. नाही लागला की मी महादेवाला सांगते, तिकडे रेंज असते.

आमच्या यजमानांचं आयुष्य ओझरला विमानाच्या कारखान्यात गेलं. म्हणजे बघा, बापाने विमानं जोडली, मुलगा सीमेवर उभा, आणि देशाच्या संरक्षणात माझा वाटा काय? तर उपवास! तोही मी कडक धरलेला. संध्याकाळची पूजा होईपर्यंत घशाखाली पाण्याचा थेंब नाही. मग चुरम्याचा प्रसाद खाऊन सोडायचा. आणि नेम असा, की एक जरी सोमवार मोडला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. माझे शेवटचे दोन उरले होते हो! किनारा दिसत होता.

आणि खरं सांगू का? थकले होते. सोमवारी पहाटे उठायचं, नळाचं पाणी भरायचं, काळोखातच कपालेश्वराला जाऊन यायचं. त्या महादेवासमोर नंदी नाही, तेवढं एक बरं आहे. आपलं म्हणणं मध्ये कोणी न येता सरळ पोहोचतं. घरी आलं की सासूबाईंचा चहा, यजमानांचा नाश्ता, सगळ्यांचा स्वयंपाक. आपण उपाशी राहून दुसऱ्यासाठी वांग्याचं भरीत केलंय कधी? करून बघा. तपश्चर्या म्हणजे काय ते कळेल.

अशातच कॉलनीच्या हॉलमध्ये नागरी संरक्षणाचं शिबिर लागलं. शिकवायला एक निवृत्त सुभेदार आले होते. मिशा अशा, की पंखा लावायलाच नको.

"ताई, पुढची लढाई नुसती सीमेवर होणार नाही," ते म्हणाले. "दिवे जातील. मोबाइलवर खोट्या बातम्या येतील. आकाशातून हातभर ड्रोन येईल. तेव्हा पहिला जवान कोण? तर घरातली बाई!"

"पगार किती साहेब?" वैशालीने मागून विचारलं. ही पोरगी कुठेही गप्प बसत नाही.

"घरात किती मिळतो?" सुभेदार म्हणाले.

"काहीच नाही."

"मग तेवढाच."

सगळ्या हसल्या. पण मला मात्र भरून आलं. ते पुढे सांगत होते, "दिवे गेले तर घर कसं चालवायचं, आहे त्या पाण्यात कसं भागवायचं, घाबरलेल्या माणसाला दोन घास कसे खाऊ घालायचे, हे उद्याच्या लढाईत लाखमोलाचं आहे." अहो, इतकी वर्षं मी हेच करत आले! पण याला देशाचं संरक्षण म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे याला 'ती काय, घरीच असते' असं म्हणतात.

सराव ठरला दुसऱ्याच दिवशी, दुपारी. म्हणजे सोमवारी! इमारतीवर हल्ला झालाय, जखमींना शोधायचं, पट्ट्या बांधायच्या, स्ट्रेचरवरून न्यायचं. बचाव पथकात जायला सगळ्या पुढे. जखमी व्हायला कोणी तयार नाही. पार्किंगच्या फरशीवर साडी मळवून घ्यायची कोणाला हौस?

"काकू, तुम्ही व्हा की," वैशाली म्हणाली. "तुम्हाला काहीच करायचं नाही. नुसतं पडून राहायचं."

नुसतं पडून राहायचं! लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

"आज्ञा नीट ऐका," सुभेदार म्हणाले. "जखमीने हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. कोणी हाक मारो, रडो, काही करो, उत्तर द्यायचं नाही. मी 'सराव संपला' म्हणेपर्यंत."

"एवढंच ना?" मी म्हटलं. उपवासाचं मात्र बोलले नाही. व्रताचा डंका पिटायचा नसतो.

सोमवारी दुपारी गेले. रक्त म्हणून वैशाली टोमॅटोचा सॉस लावायला निघाली. मी किंचाळलेच! सॉसमध्ये मीठ, त्यात लसूण, आणि ते ओघळून तोंडात गेलं म्हणजे? शेवटी तेलात कुंकू कालवलं. हिने कपाळभर, कानापर्यंत असं थापलं, की मी आरशात बघून स्वतःलाच नमस्कार केला. मनगटाला हिरवी चिठ्ठी बांधली. हिरवी म्हणजे किरकोळ जखमी, पिवळी म्हणजे जरा गंभीर, लाल म्हणजे आधी हिला उचला.

आणि मी आडवी झाले.

काय सांगू तुम्हाला! खाली सतरंजी, वर पार्किंगची सावली, फरशीचा गारवा. कुकर नाही, बेल नाही, 'अगं, माझा चष्मा कुठेय' नाही. देशाची आज्ञाच होती, की डोळे मिटून पडा. मी मनात 'ॐ नमः शिवाय' सुरू केलं. पहिलं ॐ आठवतं. नमः पुसटसं आठवतं.

पुढचं सगळं वैशालीने सांगितलेलं.

पथक आलं. "काकू, कुठे लागलंय?" उत्तर नाही. "काकू, हात हलवा बघू." हात नाही. वैशाली सुभेदारांना म्हणाली, "साहेब, काकूंना नाटकात घ्यायला हवं होतं!" मग तिने मला बारीक चिमटा काढला.

हा चिमटा मात्र मला कळला. खोटं कशाला बोलू? झोपेच्या तळाशी कुठेतरी कळला, आणि तिथूनच मला आज्ञा आठवली. काही झालं तरी हलायचं नाही! मी मोठ्या निष्ठेने हलले नाही, आणि परत झोपले.

हिरवी चिठ्ठी गेली, पिवळी आली. दुसरा चिमटा झाला. पिवळी गेली, लाल आली. मग सुभेदार स्वतः वाकले. खांदा हलवला, नाडी बघितली. नाडी चालू, श्वास चालू, बाई गप्प. "सराव संपला!" ते कानाशी ओरडले. मला ऐकूच आलं नाही.

तेवढ्यात यजमान धावत आले. "अहो, आज हिचा सोमवार आहे! पहाटेपासून पाण्याचा घोट नाही!"

सुभेदारांचा चेहरा बदलला. "मग हे आधी का नाही सांगितलं? उचला!"

सरावासाठी अँब्युलन्स उभीच होती. मला पट्ट्यांनी आवळून बांधलं. आदल्या दिवशी नीट शिकल्या होत्या ना, शिवाय हातही चादरीच्या आत! सुभेदार पुढे ड्रायव्हरशेजारी, वैशाली आणि यजमान मागे माझ्यापाशी. निघालो.

आणि अडकलो. कुठे? द्वारकेच्या चौकात. नाशिककरांना आणखी सांगायला नको, आणि बाहेरच्यांनी एवढंच समजा, की तिथे हल्ला करायला शत्रू आला तरी त्याला सिग्नलला थांबावं लागेल.

मला जाग आली ती तिथे. ओठाला काहीतरी गार लागलं म्हणून. डोळे किलकिले केले तर वैशालीच्या हातात ग्लास! ग्लुकोजचं पाणी!

माझे दोन सोमवार! मी दात घट्ट आवळले.

"काका, शुद्धीवर आल्या! काकू, प्या, घोटभर प्या!"

आता मला सांगा, बोलायचं कसं? तोंड उघडलं की पाणी आत. हात बांधलेले. मी नाकातून "म्म्! म्म्!" केलं आणि मान जोरजोरात हलवली.

"अरे देवा," यजमान ओरडले, "हिची दातखीळ बसली!"

"काका, चमचा!"

"चमचा कुठून आणू? कांदा! कांदा फोडून नाकाला लावायचा असतो!"

कांदा! सोमवारी! मी पट्ट्यांत मासळीसारखी तडफडले. "बघा, झटके येताहेत," वैशाली रडायला लागली.

आणि नाशिकमध्ये कांदा मिळायला काय वेळ लागतो हो? शेजारीच लासलगावहून आलेला कांद्याचा टेम्पो अडकला होता. यजमान दार उघडून खाली उतरले. "भाऊ, एक कांदा द्या, बायको बेशुद्ध आहे!"

"घ्या ना दादा, लय हाय," टेम्पोवाला म्हणाला. "एकानं काय व्हतंय? दोन-चार घ्या. लाल देऊ का उन्हाळी?"

"कुठलाही द्या हो!"

"तसं नाय, उन्हाळी जरा जास्त झणका देतो."

त्या भल्या माणसाने स्वतःच बुक्कीने कांदा फोडून दिला. यजमानांनी तो माझ्या नाकाला लावला. डोळ्यांतून धारा, कपाळावरचं कुंकू ओघळून हनुवटीवर, आणि मनात एकच घोर. वास घेणं म्हणजे अर्धं जेवण असं म्हणतात. मग अर्धा सोमवार मोडला का? दात मात्र मी सोडले नाहीत. म्हटलं, निखिल तिकडे बर्फात उभा राहतो, मला एवढं तोंड मिटून राहता येत नाही?

दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, निखिलच्या वयाची. तिने बोटाने कपाळ पुसलं, बोट हुंगलं. "हे कुंकू आहे," म्हणाली. "सगळे जरा मागे व्हा. पट्ट्या सोडा. तो कांदा बाहेर. मावशी, काय होतंय?"

ग्लास लांब गेल्याची खात्री करून मी तोंड उघडलं. "मला काही होत नाही. माझा सोमवार आहे. पाणी पाजू नका, सुई लावू नका, दिवेलागणीपर्यंत मला काही देऊ नका."

तिने रक्तदाब बघितला, साखर बघितली. जरा कमी होती, पण घाबरण्यासारखं नव्हतं. "उपवास सोडल्यावर भरपूर पाणी प्या," म्हणाली. मग हळूच विचारलं, "मावशी, पोटभर झोपून किती दिवस झाले?"

मी आठवत राहिले. अजून आठवतेय.

ती बाहेर जाऊन म्हणाली, "काळजी करू नका. त्या बेशुद्ध नव्हत्या. झोपल्या होत्या."



"झोपली?" यजमान म्हणाले. "शक्यच नाही. ही झोपली की घोरते!"

सगळ्या दवाखान्यासमोर! देवा रे.  सुभेदारांच्या मिशा थरथरत होत्या. रागाने की हसण्याने, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

घरी आले ती मात्र विजयी मुद्रेने. आंघोळ केली, पूजा मांडली, बेल वाहिला, महादेवाला सांगितलं, की बघ, कसं सांभाळलं तुझं व्रत. चुरमा खाल्ला आणि दोन तांबे पाणी प्यायले. सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "आई, सगळ्यांनी जंग जंग पछाडलं, पण थेंब नाही जाऊ दिला घशात!"

"बरं केलंस," टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "पण दिवसा झोपलीस म्हणे?"

"हो, म्हणजे... लागला जरा डोळा."

"मग मोडला की उपवास."

"आई! असं कसं?"

"अगं, उपवासात दिवसा झोपायचं नसतं. झोपलं की मोडतो. माझ्या सासूने मला पहिल्या संक्रांतीला सांगितलं होतं."

"मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तू दिवसा कधी झोपशील असं वाटलंच नाही गं."

मी गुरुजींना फोन लावला. म्हटलं, काहीतरी पळवाट असेलच. "गुरुजी, देशाच्या कामासाठी डोळा लागला तर त्याला झोप म्हणतात का हो?"

"किती वेळ लागला?"

"कॉलनीपासून अँब्युलन्स द्वारकेला पोहोचेपर्यंत."

गुरुजींनी सुस्कारा सोडला. "मग ती झोपच, ताई. तेवढ्या वेळात माणसाची रात्र होते."

म्हणजे बघा, घशावर मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि शत्रू त्या डोळ्यांतूनच आत आला!

त्या आठवड्यात निखिलचा फोन लागला. त्याला सगळं सांगितलं. आधी हसला, खूप हसला. मग म्हणाला, "आई, तू दुपारी झोपलीस? खरंच? छान वाटलं ऐकून. आता सोमवार बास कर, दुपारी झोपत जा."

"बास कसे करू? पुन्हा पहिल्यापासून धरलेत," मी म्हटलं. "सोमवारी उपवास, मंगळवारी झोप. तू सुट्टीवर येईपर्यंत होतील पुरे." होतील. मला खात्री आहे.

आणि परवा सुभेदारांचा फोन. "ताई, पुढचा सराव ठरलाय. येणार ना?"

"येणार तर! पण साहेब, जखमीचं काम नको. मला ते सायरन वाजवायचं काम द्या. त्या आवाजात निदान जागी तरी राहीन."



"ताई," ते म्हणाले, "त्या दिवशी सायरन तुमच्या उशाशीच ठेवला होता. तीनदा वाजवला."