आईच्या फोटोची पट्टी

"कम्प्युटरला बी मान्साची पायरी कळतीय बघा."

आप्पा हसत म्हणाले. आप्पा म्हणजे आमच्या शिरूरच्या शाळेच्या संस्थेचे सचिव. त्यांच्या मागे उभे असलेले दोन शिक्षकही हसले. पडद्यावर माझी आई होती. आई म्हणजे फोटोची खालची एक पट्टी. साडीचा काठ, दोन अनवाणी पाय, आणि पायांमागून डोकावणाऱ्या खराट्याच्या काड्या. वर काही नाही. चेहरा नाही.

मी त्या शाळेत लिपिक. आईने त्याच शाळेचे वर्ग झाडले, संडास धुतले आणि मला बी.ए.पर्यंत शिकवलं. या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शाळेतलं कुणी आमच्या वस्तीत आलं नाही. पुढे संस्थेची स्मरणिका निघायची ठरली. त्यात दिवंगत सेवकांचं एक पान होतं. ते कम्प्युटरवर लावायचं काम माझ्याकडे आलं. वाटलं, निदान इथे तरी तिचा चेहरा येईल.

संचालकांचे फोटो आधीच लागले होते. मग सॉफ्टवेअर अपडेट झालं. त्यानंतर पानात कुठलाही नवा फोटो टाकला की त्याची नुसती पट्टी दिसे. मी फाइल बंद करून उघडली. फोटो लहान केला. काढला, पुन्हा टाकला. पुन्हा पायच.

"ऱ्हाऊ दे तसाच," आप्पा म्हणाले. "खराटा दिसतोय न्हवं? मग वळखत्यात लोकं. मावशीचं तोंड कोण बघतंय?"

मी मान खाली घातली. गप्प बसणं मला आईनेच शिकवलं होतं.

सगळे जेवायला गेले. मी डबा उघडला नाही. चूक कुठे आहे ते शोधत बसले. शेवटी सापडलं. अपडेटनंतर त्या पानावरच्या ओळींची उंची पक्की बांधली गेली होती. ओळीत मावेल तेवढंच दिसायचं. त्याहून उंच जे असेल ते कापलं जायचं.

मी ती उंची मोकळी सोडली. आणि आई उभी राहिली.

अख्खी. डोक्यावर पदर, कपाळावर घाम, ओठ मिटलेले. एक हात पाठीमागे. फोटो मीच काढला होता, शाळेच्या फाटकाशी. ती म्हणाली होती, "थांब गं, खराटा दिसू देऊ नको हां." म्हणून तो हात मागे. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर मला त्या काड्या दिसल्याच नव्हत्या. तिने लपवलेलं तेवढंच घेऊन ही माणसं हसली होती.

त्या रिकाम्या कार्यालयात मी रडले. ती गेली त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

मग फोटो गुडघ्यापर्यंत ठेवला. खराटा गेला. खाली तिचं नाव लिहिलं.

आप्पा त्या दोन शिक्षकांबरोबर जेवून आले. पडद्याकडे बघून थांबले. "आधी व्हतं तसं कर. आन् नाव कशाला? खाली लिही, मावशी."

"आप्पा, तिचं नाव काय होतं?"

मी पान खाली सरकवलं. नाव पडद्याबाहेर गेलं. आप्पांनी शिक्षकांकडे पाहिलं. एक जण घड्याळाकडे बघू लागला. दुसरा सुपारी चघळत राहिला. रोज तिच्या हातचा चहा पिणारी माणसं ही.

"सांगा ना."

"लई बोलाया लागलीस. नोकरी करायची हाय का न्हाई?"

"करायची आहे. पण हे पान माझ्या हाताने तसं जाणार नाही."

गेलं. दौंडच्या छापखान्यात दुसऱ्या कुणीतरी लावलं. पाय, खराटा, खाली 'मावशी'. प्रकाशनाच्या कार्यक्रमात स्मरणिका वाटल्या तेव्हा मी माझी प्रत सगळ्यांसमोर आप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि बाहेर आले. आता नोटीस आली आहे. संस्थेचा अवमान केला, लेखी माफी मागा.

आई परत यायची नाही. स्मरणिकाही परत छापली जायची नाही. घराघरांतल्या कपाटांत तिचे पायच राहतील.

मी उत्तर लिहायला घेतलं आहे. त्यात माफी नाही. सगळ्यात वर तिचा फोटो आहे, चेहऱ्यासकट. खाली पहिल्याच ओळीत तिचं नाव: सुभद्रा. नोकरी गेली तर जाऊ दे. हा कागद मी स्वतः नेणार आहे, आणि आप्पांनी ते नाव मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांच्या दारातून हलणार नाही.