अम्मोंच्या बहिणीचा जबाब

आखातात, मिरकाब भागातल्या आमच्या ऑफिसात कुणी नवीन आलं, की अम्मो आधी त्याचं गाव विचारत. मी ‘मुंबई’ म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. “ते नोकरीचं झालं. आजोबा कुठले?” देवरुख हे नाव त्यांनी तीनदा घोकून पाठ केलं. अम्मो म्हणजे अरबीत काका. ते पॅलेस्टिनी, आमचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन.

दर ऑक्टोबरात ते वेस्ट बँकमधल्या आपल्या गावी, बहिणीच्या बागेत ऑलिव्ह तोडायला जात. येताना तेलाचा डबा आणत आणि पँट्रीत प्रत्येकाला खुबूसची रोटी त्यात बुडवून खायला लावत. “सावकाश खा. ही झाडं माझ्या पणजीने लावलीत.”

एका वर्षी ते रिकाम्या हाताने परतले. टेकडीवरच्या वसाहतीतले इस्रायली बागेत शिरले होते. त्यांनी झाडं तोडली, अडवायला गेलेल्या बहिणीचा हात सळईने मोडला. सैनिक रस्त्यावर उभे राहून बघत होते. बहिणीचा जबाब अम्मोंनी अरबीत लिहून आणला होता.

“मदत करणाऱ्या एका संस्थेला पाठवायचाय. माझं इंग्रजी बोलण्यापुरतं. मी सांगतो, तू लिही. जसं आहे तसं.”

मी लिहून घेतलं. पण घरी नीट टाइप करायला बसलो आणि हात आखडला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पॅलेस्टिनींबद्दल रोज वेगळंच काही येत असे. वाटलं, दुसरीही बाजू असेलच. ‘दोन गटांत झटापट होऊन एक महिला जखमी झाली,’ असं मी लिहिलं. सैनिक गाळले. वर आपण किती समतोल लिहिलं, याचं समाधानही वाटलं. अम्मोंनी माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले आणि जबाब पाठवून दिला.

महिन्याभराने ते माझ्या टेबलाशी आले. “भाचीने तो कागद वाचून दाखवला. झटापट म्हणजे दोघेही मारतात ना?”

“हो.”

“माझ्या बहिणीने कुणाला मारलं?”

“मी जरा सौम्य केलं, अम्मो. वाचणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून.”

“म्हणजे तुझा बसला नव्हता,” ते म्हणाले. आवाज चढला नाही.

मी पुन्हा लिहून देतो म्हणालो. भाचीने लिहिलाय, म्हणाले. त्याचं पुढे काय झालं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन अम्मानला मुलीकडे निघाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मिठी मारली, मलाही. माफी मागायची म्हणून मी सकाळपासून वाक्य जुळवत होतो. तोंडातून निघालं, “विमान किती वाजता?”

“चारला,” अम्मो म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.