सुक्या सोडणाला मोगरी लावायची नाही

सोमवार, ९ डिसेंबर २०२४. आकाश निरभ्र, पहाटे गारवा. पडवीतली कपड्यांची नायलॉनची दोरी पुन्हा तुटली, दोन चादरी मातीत. अकराला शाळेतली नवी शिक्षिका समीक्षा आली. अंदमानच्या फलकावरून गुलामचा परिच्छेद काढला आहे. कारण विचारलं, तर अध्यक्षांचं म्हणणं, 'गुन्हेगार होता'. दुपारी पेज आणि गोलमा-सुकटाची चटणी. तशीच झाकून ठेवली. रुकय्याला अजून सांगितलेलं नाही.

मंगळवारी सकाळी सत्यवतीबाई छत्री टेकत खाडीकाठी निघाल्या. वाईट बातमी फोनवर सांगू नये, हा त्यांचा जुना नियम. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतरही शाळेने फलकाचा मजकूर त्यांच्याकडूनच लिहून घेतला. विषय होता अंदमानचा तुरुंग. मालवणच्या किनाऱ्यावरच्या मुलांना तो पुस्तकातला वाटू नये, म्हणून त्यांनी शेवटी पाच ओळी गुलामवर लिहिल्या. गुलाम हा रुकय्याचा आजा, एक साधा खलाशी. आज शाळेच्या प्रदर्शनात फलक लागणार होता आणि रुकय्या दोन महिने त्या पाच ओळींची वाट बघत होती.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. खाडीच्या कडेच्या खड्ड्यात नारळाची सोडणं, म्हणजे काथ्याची सालं, दहा-दहा महिने कुजत पडलेली असतात. ती उपसायची, लाकडी मोगरीने बडवायची, काथ्या सोडवायचा आणि सुंभ वळायचा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या रुकय्याने सातव्या वर्षापासून दुसरं काही केलं नाही. पहिलीतच शाळा सुटली. नवरा अरशद मच्छीमारीला जायचा, तो गेल्यावर दोन मुलींची लग्नं तिने या मोगरीवर लावली. बंदरातल्या निम्म्या होड्या तिच्या दोरांनी बांधलेल्या असत. ती स्वतः मात्र कधी आंबोलीच्या घाटापलीकडे गेली नव्हती.

"बाई, इतक्या सकाळी? माका वाटला, नवी साडी नेसान शाळेतच गावशात."

बाईंनी सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं.

रुकय्याने हातातलं सोडण पाण्यात टाकलं. "गुन्हेगार? माणूस मेलो त्याच्या हातान, ह्या माझ्या आज्यान कधी लपवूक नाय. मिठाच्या गोणीवरसून नाक्यावरच्या शिपायान लाथ घातल्यान, ह्येना वल्ह्यान मारल्यान. पण बारा वर्सां अंदमानात भोगलीत त्येचा काय? ती कोणी लिवची?"

"तू येऊ नको हवं तर."

"येतंय तर! सोडणां माझी नेलीहत त्येनी, टोपलीभर. कित्याक नेली, ता बघूक नको?"

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. दारात पुठ्ठ्याचे गज लावून कोठडी केली होती, आत उभं राहून पालक फोटो काढत होते. पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यांतली मुलं खिदळत होती. मधोमध रुकय्याची टोपली आणि चार मोगऱ्या. शाळेच्या कार्यकारिणीचा अध्यक्ष पुष्कर, किनाऱ्यावर ज्याचं पर्यटक निवास आहे तो, माईकवर ओरडत होता, "एका मिनिटात सर्वांत जास्त काथ्या कोण काढतो, बघू! विजेत्याला आइस्क्रीम!"

सत्यवतीबाईंनी आयुष्यभर संतापावर एकच उपाय केला होता, वहीत लिहून काढायचा. आज वही पिशवीतच राहिली. त्यांनी पुष्करच्या हातातून माईक घेतला.

"बसा सगळे खाली," त्या म्हणाल्या आणि मुलं बसली. "भिंत कशाला बांधतात? कैदी पळू नये म्हणून. पण समुद्राच्या मधोमध बेट असलं, तर पाणीच भिंत. म्हणून इंग्रजांनी सत्तावन्नच्या उठावानंतर पुढच्याच वर्षी माणसं अंदमानला नेऊन टाकायला सुरुवात केली. आधी जंगल तोडायला लावलं. किती तापाने मेली, किती फासावर गेली. तेवढ्यानेही भागेना, म्हणून कैद्यांकडूनच तुरुंग बांधून घेतला. १९०६ साली तो पुरा झाला. मधे मनोरा आणि त्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांब इमारती. कोठड्या जवळजवळ सातशे, प्रत्येकीत एक माणूस. दारासमोर काय दिसायचं? पुढच्या इमारतीची पाठ. शेजारच्याचं तोंड दिसू नये, म्हणून कोणीतरी डोकं चालवून हा नकाशा काढला होता. माणसाला माणूस दिसू द्यायचा नाही, यासाठी एवढी हुशारी!"

"मग दिवसभर करायचे काय?" कबड्डीच्या संघाची कप्तान ऋता हिने विचारलं.

"घाण्याला जुंपून तेल काढायचे. नाहीतर हे." बाईंनी टोपलीकडे बोट केलं.

"हे तर सोप्पं आहे," ऋता म्हणाली. तिने तेवढ्यात दोन सोडणं बडवून मऊ काथ्याचा पुंजका काढला होता.

रुकय्या पुढे आली. "सोपा लागतला. ही माझी सोडणां, धा म्हयने भिजलेली. पोरी, थयसर बघ."

शाळेच्या स्वयंपाकघरामागे सरपणासाठी सुकी सोडणं रचलेली होती. त्यातलं एक तिने ऋतासमोर टाकलं. "आता मार."

ऋताने बाह्या सरसावल्या. मोगरी उडाली, सोडण हललं नाही. पुन्हा मारली. पोरं हसली, मग हसायची थांबली. बऱ्याच वेळाने तिच्यापुढे मूठभर भुसा आणि तुटके तंतू पडले होते आणि अंगठ्याची साल निघाली होती.

"ह्या एक झाला," रुकय्या म्हणाली. "थंय अंदमानात रोज वीस सोडणां. सुकी. भिजवूक दीत थोडा पाणी, तेवढाच. सांजेक काथ्याचा वजन भराक नाय, तर हातांक बेड्यो घालून भिंतीक उभो करीत. माझो आजो सहा म्हयने त्या कोठडीत होतो, मगे भायर झाडां तोडूक. परत इलो तेव्हा मूठ वळना नाय. भाकरी दोन तळव्यांत धरून खाय."

मग ती जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "माका मोगरी त्येनाच शिकवल्यान, तोंडान सांगान-सांगान. मी नऊ वर्सांची असताना गेलो. एकच म्हणी, सुक्या सोडणाक मोगरी लावशीत, तर घरात घेवचंय नाय. आमच्या घरात अजून कोण लावणा नाय. माका वाटायचा, काथ्यो तुटता म्हणान."

पुष्करने घड्याळ बघितलं. "आजी, वाईट वाटतं ऐकून. पण ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते ना! मुलांपुढे आदर्श ठेवायचे की..."

"बाबा रे, त्या सोडणाक म्हायत होता, खयचो देशभक्त नि खयचो खुनी?"

"आणि पुष्कर," सत्यवतीबाई म्हणाल्या, "वर्गात तुला मी कितीदा बाकावर उभं केलं, आठवतंय? तेव्हा शिक्षा चुकीपुरती होती. गुलामने माणूस मारला, त्याची शिक्षा त्याने भोगली. पण माणसाची मूठ कायमची मोडण्याचं कलम कुठल्या कायद्यात होतं? ते ज्यांनी केलं, त्यांना गुन्हेगार म्हणायला तुझी जीभ का अडखळते? थोरांचे हाल झाले म्हणून तो तुरुंग वाईट, आणि खलाशाचे झाले तर ठीक, असं मी माझ्या नावाखाली छापू देणार नाही. माझं नाव खरवडा तिथून, नाहीतर त्याचं लिहा."

"आता फ्लेक्स छापून झालाय, बाई!"

"समीक्षा," बाई वळल्या.

समीक्षाची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. तिने एकदा पुष्करकडे पाहिलं, एकदा ऋताच्या अंगठ्याकडे. मग पर्समधून काळं मार्कर पेन काढून ऋताच्या हातात दिलं. "लिही. बाई सांगतील."

बाईंनी वही उघडली आणि पाच ओळी वाचल्या. सोललेल्या अंगठ्यामुळे ऋताची अक्षरं वाकडी आली, दोन ठिकाणी फलकावर रक्ताचा डाग पडला. पुष्कर "अगो, सावकाश तरी!" एवढंच म्हणाला आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. आइस्क्रीम वितळत होतं, ते समीक्षाने सगळ्यांनाच वाटून टाकलं. रुकय्याला वाचता येत नव्हतं. तिने ऋताला विचारलं, "ह्येतला त्येचा नाव खयचा?" आणि ऋताने दाखवलेल्या अक्षरांवर बोट ठेवून ती उभी राहिली, मागे पालकांची रांग खोळंबली तरी हलली नाही.

परतताना ती बाईंच्या घरी शिरली, पडवीत लोंबणारा नायलॉनचा तुकडा बघून "शी!" म्हणाली आणि कमरेची पिशवी उघडली.

सत्यवतीबाईंनी त्या संध्याकाळी लिहिलं: पडवीत नवी दोरी बांधली. रुकय्याचा सुंभ, नऊ हात. दोन्ही चादरी पुन्हा धुऊन वाळत घातल्या.