एक दिवसाआड जेवणारा मासा

काचेकाकांना माणसं फारशी आवडत नसत. माणसं खिडकीचं माप चुकीचं सांगतात, आणि वर काच लहान कापली म्हणून भांडायला येतात, असा त्यांचा जन्मभराचा अनुभव होता. खाली काच कापायचं दुकान आणि वर दोन खोल्या, एवढंच त्यांचं जग. त्या जगात त्यांचा जीव जडला तो एका माशावर. बायकोवर जडायला हरकत नव्हती, पण ते राहूनच गेलं.

मासा होता बुटक्या जातीचा लायनफिश. जेमतेम तळहाताएवढा, तांबूस पट्ट्यांचा, दोन्ही अंगांना पंख्यासारखे पर आणि पाठीवर विषारी काट्यांची रांग. समुद्रातला जीव, त्यामुळे नळाचं पाणी त्याला चालायचं नाही. मीठ मोजून, ढवळून, एक रात्र मुरवून त्याच्यासाठी खारं पाणी करावं लागे. टाकी काकांनी स्वतःच्या हातानं जोडली होती आणि तिच्या सांध्यातून गळायची एका थेंबाचीही टाप नव्हती. दिवसभर मासा कपारीखाली उलटा लटकून राही. जेवायची वेळ झाली की बाहेर येऊन काचेला तोंड लावी. त्या वेळी काकांच्या चेहऱ्यावर जे हसू फुले, ते काकूंनी लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

कुणी घरी आलं की काकांचं व्याख्यान ठरलेलं.

"हा जातीचा शिकारी. हलेल तेच खातो, मेलेल्याकडे ढुंकून बघत नाही. मग त्याला मेलेली कोळंबी खायला शिकवायची कशी? उपाशी ठेवायचं. आपण मऊ पडलो की संपलं." मग ते लांब प्लास्टिकच्या काडीला कोळंबी टोचून पाण्यात हलवून दाखवत. मासा तिच्यासमोर क्षणभर स्थिर होई, आणि पुढच्या क्षणी कोळंबी गायब. "बघितलंत? आणि हे एक दिवसाआड. रोज दिलं तर मरतो. गोल्डफिश तर अजिबात नाही. मिटक्या मारत खाईल, गुटगुटीत दिसेल, पण आत यकृत चरबीनं भरत जातं. वरून तुकतुकीत, आतून खलास."

मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकूंकडे बोट दाखवून म्हणत, "आमच्या हिला हे पटत नाही. हिला वाटतं, मासा म्हणजे जावई, रोज वाढायला हवं." पाहुणे हसत. काकू ट्रे ठेवून आत जात.

खरं तर काका स्वतःच एकदा मऊ पडले होते. मासा नवा असताना कोळंबीला तोंड लावेना. काकांचं दुकानात लक्ष लागेना, जेवण जाईना. काकूंनी तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत एका बरणीत मोली पाळल्या होत्या. साध्या पाण्यातले, चार-दोन रुपड्यांचे, गरीब मासे. त्यातल्या एका काळ्या मोलीचं पोट भरात आलं होतं. मोली अंडी घालत नाही, पिल्लंच देते. काकूंना मूलबाळ नव्हतं, आणि रोज सकाळी बरणीला डोळा लावून त्या काळ्या मोलीकडे त्या बघत असत.

"अगं, ती काळी आण इकडे," काका म्हणाले.

"तिला पिल्लं व्हायचीत हो."

"मग तर उत्तमच. पिल्लांसकट पौष्टिक."

काकूंनी ती स्वतः वाटीतून आणून दिली. नवऱ्यापुढे तोंडातून ब्र काढायची त्या घरात रीत नव्हती. पुढच्या आठवड्यात बरणीतल्या बाकीच्याही गेल्या, आणि रिकाम्या बरणीत काकांनी काच पुसायची फडकी ठेवली. 'पिल्लांसकट पौष्टिक' हे वाक्य मात्र व्याख्यानात कायमचं शिरलं. पाहुण्यांना ते फार आवडे. काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि एरवी तर काचेवरचा केसाएवढा ओरखडाही त्यांना लांबून दिसायचा.

एके दिवशी दुकानात मोठी काच उचलताना काका कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, फक्त सांगता येणार नाही. एकच शब्द तोंडात उरला: बरं. पाणी हवं असलं तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, संताप आला तरी बरं. पुतण्यानं खालचं दुकान सांभाळायला घेतलं. काकूंनी काकांना सांभाळलं, आणि असं सांभाळलं की बघणाऱ्यानं बोट तोंडात घालावं. अंगाला एक जखम नाही, चादरीवर एक डाग नाही. दुपारी काकू त्यांची चाकाची खुर्ची टाकीसमोर आणून लावत.

माशाचंही सगळं वेळच्या वेळी करत. मीठ मोजत, टाकीच्या गाळणीचा कापूस धूत, एक दिवसाआड काडीनं कोळंबी देत. काका डोळ्यांत प्राण आणून बघत. चूक सापडत नाही म्हटल्यावर त्यांना जरा धीर आला. मासा जगला तर आपलंही काही शिल्लक राहील, असं त्यांना वाटू लागलं होतं.

मग एका संध्याकाळी काकू बाजारातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत सात-आठ गोल्डफिश वळवळत होते.

विसरली वाटतं, असं काकांच्या मनात आलं. बाईमाणूस, कुठं लक्षात राहणार. ते डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवू लागले. "बरं! बरं, बरं!" काकूंनी एक गोल्डफिश टाकीत सोडला. खाऱ्या पाण्यात तो तडफडला, आणि तडफडणं म्हणजे लायनफिशला आमंत्रणच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. मासा बेहद्द खूश होता. आता तो कपारीत लपत नसे, काकू दिसल्या की धावत काचेशी येई.

पुतण्या वर चहाला आला तेव्हा काका घामाघूम होईपर्यंत दांडा बडवत होते.

"काकू, काका किती हरखलेत बघा."

"जीव आहे ना त्यांचा त्याच्यात," काकू म्हणाल्या.

पुतण्या पिशवी घेऊन खुर्चीशेजारी वाकला, तेव्हा काकांनी सगळी ताकद एकवटून तिला हिसडा मारला. पाणी सांडलं, गोल्डफिश फरशीवर उड्या मारत मेले. पुतण्या बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, काकांना स्वतःच्या हातानं माशाला भरवायचं होतं. त्यानं फरशी पुसली, जिना उतरून गेला आणि येताना दुप्पट गोल्डफिश घेऊन आला.

पुतण्या गेल्यावर काकूंनी काकांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. हलक्या हातानं, नेहमीसारखंच.

"वरून तुकतुकीत, आतून खलास," त्या म्हणाल्या. "मला पाठ आहे हो. इतक्या वेळा ऐकलंय, पाठ नाही होणार तर काय?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते बायकोकडे इतका वेळ बघत होते. आपल्याला भीती वाटते आहे, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी गोल्डफिशची वेळ झाली तेव्हा काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढं एकच त्यांच्या हातात होतं.

"उघडा डोळे," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. "त्याचं जेवण तुम्ही बघितलं नाही, तर तुमचं ताट नाही. मऊ पडायचं नाही म्हणायचात ना?"

काकांनी हट्ट धरला. रात्री ताट आलं नाही. सकाळी चहाचा वास आला, चहा आला नाही. दुपारी शेजारच्या खोलीतून भाताची वाफ आली आणि त्यांच्या तोंडाच्या लुळ्या कोपऱ्यातून लाळ गळू लागली. संध्याकाळी काकूंनी पिशवी आणली, तेव्हा काकांचे डोळे उघडे होते. गोल्डफिश गिळला जाईपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही. मग काकूंनी त्यांना मऊ भात भरवला, आणि त्यांनी तो हावरटासारखा खाल्ला. इतकी लाज त्यांना अंथरूण ओलं झालं तेव्हाही वाटली नव्हती.

त्यानंतर रोज. मासा फुगत गेला, मग मंदावला. एका बाजूला कलून पोहू लागला. पुढ्यात गोल्डफिश तडफडत असला तरी बघेना. काकांना एकेक खूण कळत होती. आता काय होणार आणि त्यानंतर काय होणार, हे ते आधीच ओळखून बसले होते आणि वाट बघत होते. एका दुपारी तो तळाशी आडवा पडला आणि पंख्यासारखे पर मिटले ते उघडलेच नाहीत. काका रडले. घशातून नुसती घरघर येत राहिली.

काकूंनी जाळीनं मासा काढला, काट्यांना हात न लावता विळीवर चिरला आणि ताटलीत घालून काकांसमोर धरला. आतलं यकृत फिकट पिवळं, लोण्यासारखं झालं होतं.

"तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "अगदी तंतोतंत."

मग त्यांनी साडी बदलली, केस विंचरले आणि बाजारात गेल्या. काका रिकाम्या टाकीसमोर बसून राहिले. मासा गेला याचं दुःख होतं, पण खोटं कशाला बोला, जरा सुटल्यासारखंही झालं होतं. आता बघायला काही उरलं नव्हतं.

काकू तासाभरात परत आल्या. एका हातात गोल्डफिशची पिशवी होती. दुसऱ्या हातातल्या पिशवीत अंगठ्याएवढा, तांबूस पट्ट्यांचा बुटका लायनफिश होता. त्याचे पर अजून नीट उघडतही नव्हते. काकूंनी पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, काकांची खुर्ची थोडी पुढे सरकवली आणि चाकाला ब्रेक लावला.

"दुकानदाराकडून मुद्दाम पिल्लू मागून घेतलं," त्या म्हणाल्या. "पुष्कळ दिवस पुरेल."